थंड होतानाचे आकडे

सर, आपला उंचवटा खोटा निघाला. नव्वद अंशांजवळ आलेखावर जो टेंगळासारखा वर आला होता आणि ज्याच्यावर आपण पानंच्या पानं लिहिली, ते आपल्या मटेरियलचं, फेराइटचं काही नव्हतं, पाणी होतं. हवेतली ओल पेलेटच्या, आपण दाबून केलेल्या त्या गोळीच्या, बारीक छिद्रांत शिरून बसली होती. भट्टी तापायला लागली तशी त्या ओलीनं थोडा वेळ वीज वाहून नेली, मग ती उडून गेली आणि आलेख खाली आला. एवढंच. हे मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं. त्या दिवशी मी नेहमीसारखा डबा खाल्ला, दोन तास घेतले, घरी येताना कोथिंबीर आणली. काहीतरी वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हाही माझं असंच झालं होतं. मी कॉलेजात पेपर तपासत होते. फोन ठेवला आणि उरलेला गठ्ठा तपासून संपवला.

कळलं ते माझ्या विद्यार्थिनीमुळं. पिशोरची आहे. नवरा शेती बघतो, मुलगी सासूजवळ आहे, आणि ही संभाजीनगरात खोली करून पीएचडी करते. आपलंच मटेरियल मी तिला दिलं होतं, नव्या पद्धतीनं बनवून बघ म्हटलं. आता सगळं संगणकावर असतं, सर. आपण दर दहा अंशांना बटण फिरवून वारंवारता बदलायचो, सुई थांबायची वाट बघायचो, आकडा वहीत उतरवायचो. आता मीटर आपलं आपण मोजत बसतो आणि पोरगी बाजूला बसून वाचते. त्यामुळं भट्टी तापतानाचं झालं की थंड होतानाचंही आपसूक मोजलं जातं. तापताना उंचवटा आला. थंड होताना सरळ, गुळगुळीत रेघ. ती दोन्ही कागद घेऊन दारात उभी. 'मॅडम, माझंच काहीतरी हुकतंय. तुमच्या अन् सरांच्या पेपरात हाये, अन् मला थंड होताना येईनाच.' मी आलेखाकडं पाहिलं आणि तिथंच समजले. समजले आणि तिला म्हणाले, 'परत मोज.'

तीन आठवडे ती परत मोजत राहिली. नव्या पेलेट दाबल्या, चांदीचा लेप पुसून पुन्हा दिला, तारा बदलल्या. शनिवारी गावी जायची ती जाईना. एकदा मला म्हणाली, 'मॅडम, मला हे जमंल असं वाटत नाय. घरी म्हणतेत, लई झालं शिक्षण.' तिच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्या एका रेघेपाशी अडलं होतं आणि मला ठाऊक होतं की तिचं काहीच चुकलेलं नाही. मी चहा मागवला. तिनं घेतला, मी घेतला. म्हटलं, 'बघ अजून एकदा.'

तुम्ही असता तर मला उभं केलं असतं. तुमच्या प्रयोगशाळेत मी पहिल्या वर्षी उभं राहण्यातच दिवस काढले. नमुने कोरडे ठेवायच्या डेसिकेटरच्या तळाशी ते निळे दाणे असायचे, ओल धरली की गुलाबी व्हायचे, मग ओव्हनमध्ये वाळवायचे. एकदा तुम्ही झाकण उघडता आणि माझ्याकडं न बघताच विचारता, 'ह्याचा रंग कोणता?' मी म्हणते, 'गुलाबी, सर.' 'तुला दिसतंय व्हय? मग ओव्हनमधी तुझ्या बापानं ठेवायचे का?' चार जणांसमोर. माझा बाप तेव्हा गावात बांधावर गवत कापत असेल. मला तुमचा लई राग आला होता. दुपारी तुम्ही तुमच्या डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यासमोर सरकवला, आणि मी रागानं ती खाल्ली. काकूंचा ठेचा असा होता की राग डोळ्यांतून बाहेर आला आणि तुम्ही हसलात.

पण शिकवायचात तुम्ही. एसी कंडक्टिव्हिटी, म्हणजे उलटसुलट होणारी वीज मटेरियलमधून किती वाहते ते, मी चार पुस्तकांतून वाचली होती आणि काही म्हणजे काही कळलं नव्हतं. तुम्ही मेंढरांवरून सांगितली. तुमचे वडील कळप घेऊन हिंडायचे, तुम्ही स्वतः सातवीपर्यंत त्यांच्यामागं होता. 'हे बघ पोरी,' तुम्ही म्हणालात, 'एका वाड्यातनं दुसऱ्या वाड्यात मेंढरं न्यायची तर फाटकाशी गर्दी व्हती. सावकाश एकाच बाजूला हाकललंस तर समदी फाटकाशी अडकतेत. पण घडीत इकडं, घडीत तिकडं हाकललंस तर? जागच्या जागी हलतेत. फाटकापर्यंत जातंय कोण! म्हणून वारंवारता वाढवली की आपलं मटेरियल जास्त वाहतं.' मी आजही वर्गात हेच सांगते. तुमचं नाव सांगत नाही, माझंच म्हणून खपवते. आणि दुसरं तुम्ही सांगायचात ते म्हणजे, तापताना दिसलेल्याला भुलायचं नाही. 'तापताना काय बी दिसतं. थंड होताना बी दिसलं, तर आपलं.'

आपण तो नमुना तीनदा मोजला. पावसाळा होता, भिंतींना ओल होती, आणि लोडशेडिंगचे दिवस. सकाळी भट्टी लावायची, दुपारपर्यंत पाचशे अंश, मग बंद करून संध्याकाळपर्यंत उतरतीचे आकडे घ्यायचे. पहिल्यांदा उतरतीला वीज गेली. दुसऱ्यांदाही गेली. तिसऱ्यांदा आकडे एकशे चाळीसपर्यंत आले आणि तिथं रकाना तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही बूट काढायच्या आधी विचारलंत, 'आलं का थंड होताना?' मी म्हणाले, 'सर, वीज गेली.' 'कधी?' 'पाचच्या सुमारास.' तुम्ही वर ट्यूबलाइटकडं बघितलंत, जणू तिचीच चूक. 'हात्तिच्या मारी,' म्हणालात, 'पोरीची मेहनत मातीत.' भट्टीवर पुढचे पंधरा दिवस दुसऱ्यांचा नंबर होता आणि कॉलेजातल्या नोकरीची माझी मुलाखत आठवड्यावर आलेली. पाठवलेला पेपर दाखवला तरी चालणार होतं. तिसऱ्या दिवशी म्हणालात, 'पाठवू. पण माझ्या मनात राहिलंय बरं का.' तुम्ही सहसा कुणासाठी नियम मोडायचा नाहीत. माझ्यासाठी मोडलात.

मुलाखतीच्या दिवशी मी आशीर्वाद घ्यायला हर्सूलला तुमच्या घरी आले. गुलमंडीतून घेतलेली मोरपंखी साडी नेसले होते, आयुष्यात स्वतः निवडलेली पहिली. काकूंनी कुंकू लावलं, पदर हातात धरून बघितला, म्हणाल्या, 'अगं बया, रंग कसा खुलतोय बघा की!' तुम्ही कधी कुणाच्या कपड्यांबद्दल बोलायचा नाहीत. वर्तमानपत्र खाली करून म्हणालात, 'हां. आता प्राध्यापक दिसतीस.' मला नोकरी लागली. पेपरही छापून आला.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही घरचा इन्व्हर्टर उचलून प्रयोगशाळेत आणलात. मी त्या दिवशी सहज भेटायला आले होते. रिक्षात बॅटरी मांडीवर घेऊन बसलेले तुम्ही, आणि रिक्षावाला गेटातच कुरकुरतोय, 'सर, बॅटरी का पानी गिरा तो मेरी सीट जलती ना! मेरेकू कौन देगा?' तुम्ही त्याला म्हणालात, 'तेरी सीट से पहले मेरी पँट जलेगी रे बाबा.' मी विचारलं, सर, घरी काय करणार? तर म्हणे, 'घरी मी अन् ती, दोन म्हातारी माणसं. आम्हाला अंधारात काय दिसायचं राहिलंय? तुझ्यावर आलं तसं दुसऱ्या पोरांवर नको.' काकू तो सगळा वैशाख पुठ्ठ्यानं वारा घेत बसल्या. मी तेव्हा 'सर, तुम्ही पण ना' असं काहीतरी म्हणाले आणि घरी गेले.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात. मी अजून नोकरीत कायम झाले नव्हते. काही महिन्यांनी काकूंनी तुमच्या वह्यांचं खोकं मला दिलं, 'तुलाच कळंल ह्यातलं' म्हणून. मी ते माळ्यावर टाकलं. इतकी वर्षं झाली, तीन घरं बदलली, खोकं सोबत आलं, दोरी सुटली नाही. गेल्या रविवारी सोडली. आपल्या त्या नमुन्याची वही वरच होती. माझ्या अक्षरातला, एकशे चाळीसला तुटलेला रकाना, आणि त्याच्या खाली तुमच्या अक्षरात, वैशाखातली तारीख घालून, उरलेले आकडे. एकशे तीस, एकशे वीस, खोलीच्या तापमानापर्यंत सगळे. खाली तुम्ही लिहिलंय: 'इन्व्हर्टरवर घेतले. थंड होताना उंचवटा नाही. पाणी. पेपर चुकला. ती कायम झाली की कळवू.' मग एक ओळ सोडून: 'पोरीकडून काही राहिलं नाही. वीज गेली.'

मी वही मिटली आणि कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला. मग मात्र ओट्याला धरून उभी राहिले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण ते आलं नाही.

सोमवारी विद्यार्थिनीला बोलावलं. म्हटलं, 'तुझं काही चुकलेलं नाही. पहिल्या दिवसापासून तू बरोबर होतीस. आमचा पेपर चुकला.' ती खुर्चीवर बसली आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. मला वाटलं चिडेल, तीन आठवडे का राबवलं म्हणून विचारेल. तिनं विचारलं ते वेगळंच. 'पण मॅडम, सरांच्या ध्यानात कसं नाय आलं? एवढे मोठे सर.' मी म्हणाले, 'त्या वेळी वीज जायची गं.' ती म्हणाली, 'व्हय, आमच्याकडं बी लई जायची.' आणि तिचं समाधान झालं. नियतकालिकाला पाठवायचं दुरुस्तीपत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. त्यात वाक्य आहे की एकशे चाळीस अंशांखालचे उतरतीचे आकडे तेव्हा वीजपुरवठा खंडित झाल्यामुळं घेता आले नाहीत. ते वाक्य मी सांगितलं, तिनं टाइप केलं. पत्र अजून पाठवलेलं नाही.

काल हर्सूलला जाऊन आले. पत्र जाण्याआधी काकूंना सांगावं म्हटलं. त्यांना आता कमी ऐकू येतं. समोरच्या भिंतीवर आपल्या पेपरचं पहिलं पान काचेत लावलंय. तुमचं शेवटचं छापलेलं, म्हणून त्यांनी तुमच्यामागं लावून घेतलं. मी मोठ्यानं सांगितलं की काकू, ह्यात एक चूक आहे, ती कळवावी लागणार, सरांचं नाव येईल. त्यांनी काचेकडं बघितलं. म्हणाल्या, 'चुकलं तर चुकलं. त्यांना कुठं लाज होती चुकायची? त्यांना एकच लागलं होतं. इन्व्हर्टर नेला तवा मी लई भांडले, तर मला म्हणले, अगं, ती पोरगी दिवसभर भट्टीसमोर बसली अन् मेल्या विजेनं तोंडचा घास काढला. तेवढ्यासाठी मी अख्खा उन्हाळा घाम पुसला बघ, पोरी.' आणि हसल्या. मी पण हसले. निघताना त्यांनी वाकलेल्या हातानं मला कुंकू लावलं.

हे कुठं पाठवायचं म्हणून लिहिलेलं नाही. तुमच्या वहीत, त्या पानाला लागून ठेवणार आहे. दुरुस्तीपत्रातलं ते वाक्य काढायचं तर विद्यार्थिनीला कारण सांगावं लागेल, मग काकूंना. आज सकाळपासून संगणकावर पत्र उघडं आहे आणि त्या वाक्यापाशी येऊन मी थांबतेय. तुम्हाला आधी सांगते. पहिल्या दोन्ही वेळा वीज खरंच गेली होती, सर. तिसऱ्यांदा गेली नव्हती. मला गुलमंडीत साडी घ्यायला जायचं होतं, मैत्रीण खाली येऊन थांबली होती, म्हणून मीटरचं बटण मी बंद केलं. भट्टी एकशे चाळीसवर आली होती. अजून तासभर बसायचं होतं.