मिसेस टॅलमनची बाराची वेळ

१ फेब्रुवारी, गुरुवार

केलं! मीच केलं. कुणी माझा हात पिरगाळला नव्हता.

वसंतातलं वेळापत्रक ठरवायची मीटिंग होती. ट्रेंट — माझा साहेब, माझ्याहून वीस वर्षांनी लहान — भिंतीवर आकडे लावून उभा. म्हणाला, "दुपारी बाराचा प्रेक्षक म्हातारा होत चाललाय. काय करू या?" मागच्या शरदात तिघांना घरी पाठवलं, तिघंही माझ्याच वयाची. वाटलं, पुढचा नंबर माझा. आणि तोंडातून निघून गेलं — "मिसेस टॅलमन काढा! कृष्णधवल आता कोण बघतंय? पहाटे पाचला ढकला. बाराला ती नव्वदच्या दशकातली पोलिसांची मालिका लावू."

ट्रेंटनं भुवया उंचावल्या. "तुझी खात्री आहे?"

"अगदी!" लग्नात 'हो' म्हणतानासुद्धा मी इतकी ठाम नव्हते.

जुन्या मालिका पुन्हा दाखवायच्या, हा आमच्या चॅनेलचा धंदा. पण 'जुनं' जागेवर राहत नाही. मी इथे लागले तेव्हा पन्नास-साठच्या दशकातलं ते जुनं. मग सत्तर, मग ऐंशी. आता माझा मुलगा शाळेत असताना लागायचं तेही जुनं झालं! जाहिरातवाले चोपन्न वर्षांपर्यंतचीच माणसं धरतात. मी सत्तावन्न. म्हणजे जे चॅनेल मी चालवते, ते बघायला मी हिशेबातच नाही. आणि तरी आज सगळ्यात मोठ्यानं मीच बोलले.

४ फेब्रुवारी, रविवार

रस्ते बर्फानं भरलेले, तरी डॅडकडे, मेपल कोर्ट वृद्धाश्रमात, दुपारीच गेले. एरवी संध्याकाळी जाते. आज गेलेच नसते तर बरं झालं असतं.

मोठ्या खोलीत टीव्हीसमोर वीसेक माणसं, ताटं मांडलेली, कुणी हात लावत नव्हतं. बारा वाजले, मिसेस टॅलमन सुरू झाली. ती विधवा बाई, तिच्या घरात राहणारे ते भाडेकरू. दर भागात ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन पितळी घंटा वाजवते आणि सगळे धाडधाड जिना उतरून टेबलाशी येतात. घंटा वाजली — आणि डॅडनं काटा उचलला! बाकीच्यांनीही. मेंदूचा झटका आल्यापासून त्याला भूक लागल्याचं कळतच नाही. मला कधी विसरला नाही, जेवण मात्र विसरतो.

यव्हॉन, तिथली मदतनीस, त्याचं सगळं करते. ती हसत म्हणाली, "मी घसा फोडून ओरडले तरी हा ढिम्म! त्या बाईनं घंटा वाजवली की कसा शहाण्या मुलासारखा जेवतो बघ."

डॅड शेजारच्या मिसेस डिनविडींना सांगत होता, "ही माझी मर्ना. चॅनेल हीच चालवते."

"अहो लुडी, शंभर वेळा सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पण सांगा, सांगा. तोंडाला व्यायाम होतो."

डॅड ती मालिका बघतो, हे मला माहीत होतं. तिच्यामुळे जेवतो हे माहीत नव्हतं. — खरं लिही, मर्ना. कधी विचारलंच नव्हतंस.

५ फेब्रुवारी, सोमवार

ट्रेंटशी बोलायला गेले. त्याचं दार उघडंच होतं. तशीच परत आले.

१२ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून बाराला पोलिस. गाड्यांचे भोंगे, गोळीबार. दुपारी यव्हॉनचा फोन — "काटा हातात धरून बसून राहिला गं. म्हणतो, अजून बोलावलं नाही."

मी म्हटलं, "अरेरे." एवढंच म्हटलं!

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आजही नाही जेवला. दूध प्याला.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज मी जे केलं, ते कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून इथे.

आत पाऊल टाकलं तर सगळे माझीच वाट बघत होते. डॅडचे गाल बसलेत. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. पण मला बघून खुलला. "आली! आता मर्ना बघून घेईल. काय गं, कोणत्या गाढवानं आमची मिसेस टॅलमन काढली?"

वीस तोंडं माझ्याकडे वळलेली. मग म्हणाले, "न्यूयॉर्कच्या लोकांनी ठरवलं, डॅड. वरून हुकूम आला."

न्यूयॉर्कला आमचं काय आहे? टेबलसुद्धा नाही! आमचं सगळं चॅनेल इथेच, क्लीव्हलंडात, कारपेटच्या दुकानावरच्या मजल्यावर.

"लेकाचे भेकड!" डॅड म्हणाला. पोलाद कारखान्यात जन्म गेला त्याचा. साहेब लोकांना शिव्या घालायला मिळाल्या की त्याला अजूनही चेव येतो. "समोर यायची हिंमत नाही. माझ्या पोरीला पुढे करतात!"

आणि मग त्या सगळ्यांनी माझीच समजूत घातली! कुणी माझा कोट काढून घेतला, कुणी कॉफी आणून दिली. मिसेस डिनविडी हात थोपटत म्हणाल्या, "तुला किती त्रास झाला असेल, बाई." कॉफी प्यायले मी. साखर घालून! धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं, पण ती कसली घेतेय.

गाडीत बसल्यावर कळलं — कोण काय बघतं ते मोजायची यंत्रं लोकांच्या घरांत बसवतात. मेपल कोर्टसारख्या ठिकाणी बसवत नाहीत. ती भरलेली खोली आमच्या आकड्यांत रिकामी असते. 'कळलं' काय? इतकी वर्षं माहीतच होतं मला. सोयीचं होतं, म्हणून गप्प होते.

२१ फेब्रुवारी, बुधवार

डोकं चालवलं. ऑफिसातून मिसेस टॅलमनचे मूळ भाग पेन ड्राइव्हवर घेतले, अगदी स्वच्छ प्रत. यव्हॉनला दिले, तिनं बाराला लावले. घंटा वाजली, डॅडनं काटा उचलला — आणि घास तोंडाशी नेलाच नाही! सबंध भाग आ वासून बघत राहिला. संपला तेव्हा जेवण गार.

यव्हॉन म्हणाली, "जाहिराती कुठायत? जाहिरात लागली की तो जेवतो. मालिका चालू असताना त्याची नजर हलत नाही."

अख्खा जन्म जाहिरातींना शिव्या दिल्या मी. आणि माझा बाप जेवतो जाहिरातींत!

२४ फेब्रुवारी, शनिवार

प्रसारण जसंच्या तसं ठेवलेल्या जुन्या फाइली काढल्या. डिसेंबरातल्या, जाहिरातींसकट — श्रवणयंत्रं, दार असलेले बाथटब, नाताळचा सेल. डॅड जेवला! बटाटे चाटूनपुसून खाल्ले, पुडिंगही. यव्हॉननं फोन करून एकेक पदार्थ सांगितला. स्वयंपाकघरात एकटीच रडले.

पण त्याला वाटतंय, मालिका खरीच परत आली. यव्हॉननं विचारलं, "काय सांगू त्याला?" म्हटलं, "सध्या काही नको सांगूस."

१ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीच्या उपासांतला शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून मेपल कोर्टला तळलेल्या माशांचा बेत. डॅडनं फोन करून बोलावलं — "ये गं, काम आहे."

गेले तर टेबलावर केक! वर निळ्या क्रीममध्ये माझं नाव. मिसेस डिनविडींच्या भाचीनं केलेला. डॅड काठी टेकत उभा राहिला, यव्हॉननं मागून धरलं. म्हणाला, "माझी मर्ना न्यूयॉर्कवाल्यांशी भांडली. एकटी! तिनं मालिका परत आणली. तिची आई आज असती तर..." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यव्हॉन खिडकीबाहेर बघत होती.

तेव्हाच बोलायचं होतं! तोंड उघडलं तर डॅडनं स्वतःच्या हातानं केकचा तुकडा भरवला. गिळला. वर 'थँक यू'ही म्हटलं. निर्लज्ज!

५ मार्च, मंगळवार

शेवटी ट्रेंटच्या खोलीत गेले. मिसेस टॅलमन बाराला परत आणायची म्हटलं. कारणही सांगितलं, डॅडचं.

तो खुर्चीत मागे रेलला. "अगं, मला तर ती फार आवडायची! सुट्टीत आजीकडे जायचो, तेव्हा आम्ही दोघं बघायचो. माझ्या मनात तिला हात लावायचाच नव्हता. पण इथली सगळ्यात जुनी जाणकार तू, तूच म्हणालीस काढा. म्हटलं, हिला जास्त कळतं." मग म्हणाला, "आता बाराच्या जाहिराती पोलिसांच्या मालिकेवर विकल्या गेल्यात. शरदापर्यंत काही करता येणार नाही. आधी बोलायचंस ना!"

माझ्या नोकरीचं विचारलं. कसलीच टांगती तलवार नव्हती. माझं नाव कुणी घेतलंच नव्हतं.

म्हणजे कुणीच मागितलं नव्हतं. मी एकटीनं, नसलेल्या भुताला भिऊन, बापाचं ताट पळवलं.

८ मार्च, शुक्रवार

मिसेस डिनविडींनी मला खिडकीपाशी बोलावून घेतलं. काळ्यांच्या वस्तीतल्या शाळेत जन्मभर शिकवलं त्यांनी. अजून आवाजाला तीच धार. "मार्चमध्ये नाताळचा सेल कुठल्या दुकानात चाललाय गं? पत्ता दे, मलाही मोजे घ्यायचेत."

मी कोटाची बटणं लावू लागले.

"कॉपी करणारी पोरं मला मागच्या बाकावरूनसुद्धा ओळखू यायची. आणि ते न्यूयॉर्क?"

"नाहीये," म्हटलं. "मीच काढली. मीच सुचवलं."

वाटलं, आता फाडून खातील. तसं काही नाही. म्हणाल्या, "मी कुणाला सांगणार नाही. लुडी जेवतोय, ते मोठं. पण तो माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत तुझं नाव घेत असतो. त्याला सांग. आणि सांगणार नसशील, तर निदान पुन्हा केक खाऊ नकोस."

१० मार्च, रविवार

सांगितलं. खुर्ची त्याच्यासमोर ओढली, हात धरला. न्यूयॉर्क वगैरे काही नाही, डॅड. तुझी मालिका मी काढली. नोकरी जाईल म्हणून घाबरले आणि काढली. मग तुझ्याशी खोटं बोलले.

त्यानं हात सोडवून घेतला आणि यव्हॉनला हाक मारली — "ही बाई कोण आहे? माझ्या मर्नाबद्दल वाटेल ते बोलतेय. बाहेर काढ हिला!"

यव्हॉनला काही करावं लागलं नाही. मी आपणहून उठले.