साहेब, दुसरी खेप

४ फेब्रुवारी

आले. साहेब परत आले! डोळे मिटलेले, कान चिकटलेले, माझ्या ओंजळीत मावतील एवढेसे.

साहेब म्हणजे बाबांचा, माझ्या सासऱ्यांचा, कुत्रा. गेल्या वर्षी म्हातारपणानं गेला. त्याआधी बाबांनी त्याच्या कानाच्या कातडीचा तुकडा काढून जपून ठेवायला लावला होता. त्यावरून प्रयोगशाळेनं हा क्लोन केला. ज्या कुत्रीच्या पोटात वाढवला तिला दूधच आलं नाही. मग बाबांनी परस्पर सांगून टाकलं, आमच्या घरात नर्स आहे, तीही नवजात बाळांच्या वॉर्डातली! मला कोण विचारतंय? रजा टाकली.

आणि हा तोच, जो अकरा वर्षं माझ्यावर गुरगुरला! कोपऱ्यातल्या खुर्चीत बाबा बसलेले, मी चहा घेऊन गेले की गुर्र. गुरगुरून झालं की वळून बाबांकडे बघायचा, मोठं काम फत्ते केल्यासारखा. बाबा म्हणायचे, "जातिवंत आहे. माणसं ओळखतो." म्हणजे मी कोण?

५ फेब्रुवारी

पहिल्याच बाटलीला माती खाल्ली. वॉर्डातल्या सवयीनं त्याला बाळासारखं उताणं धरलं — दूध नाकातून बाहेर! प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाई फोनवर कडाडल्या. पिल्लू पालथं ठेवून पाजायचं, आईला लुचतं तसं. एवढी वर्षं नव्या आयांना मी पाजायला शिकवते!

नवरोबा दारात उभे राहून हसत होते. ओल्या कापसानं पोट चोळल्याशिवाय या वयात पिल्लाला शू होत नाही. ते काम त्यांना दिलं. हसू पळालं.

८ फेब्रुवारी

सकाळपासून दूध घेईना. अंग गार पडलेलं. वॉर्डात अशक्त बाळांना आईच्या छातीशी ठेवतो, तसा स्वेटरच्या आत घेऊन बसले. बाबा समोर स्टुलावर. दुपार अशीच गेली. मग आत काहीतरी हललं, आणि पठ्ठ्या माझ्या कुर्त्याचं बटण चोखायला लागला! बाटली दिली तर अशी लुचली की बास. बाबा उठून बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मी तिथेच रडले.

त्याला मी उंदीर म्हणते. बाबांसमोर अर्थात साहेब.

१० फेब्रुवारी

डोळे उघडले! धुरकट निळे. काही दिसत नसणार, पण तोंड माझ्याकडे.

२ मार्च

दात आले. दुधात भिजवलेलं खाणं बशीत वाढलं की चारही पाय बशीत. मग पुसायला मी.

बाबा रोज ताडून बघतात. साहेब चप्पल पळवायचे, हाही पळवतो — बाबा खूश. साहेबांचे चारही पाय तपकिरी होते, याच्या डाव्या पायात पांढरा मोजा — बाबा तो बोटानं घासून बघतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पांढरे डाग पोटात वाढताना पडतात, ते सही सही तसेच येतात असं नाही. बाबांनी पटल्यासारखं केलं.

संध्याकाळी त्याला घेऊन खिडकीत उभे राहतात. पाय दुखतील, बसा म्हटलं, तर म्हणाले, खिडकीत बसायला काय आहे?

१४ मार्च

आज परीक्षा झाली. बाबा खुर्चीत, उंदीर पायाशी, आणि मला चहासाठी हाक. मनातलं ओळखलं मी. गेले. उंदीर शेपटी हलवत धावत आला. शेपटी कसली, अर्धा कुत्रा हलत होता! माझ्या पायावर उताणा पडून पोट दाखवलं.

बाबांचा चेहरा उतरला. "हा तो नाही," म्हणाले.

नवरोबांनी परोपरीनं समजावलं. तपासणी झालीये, अंगातला कणन् कण तोच आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आठवडाभरात प्रयोगशाळेला फोन करतो, त्यांना एखादं चांगलं घर बघू दे. भलत्यालाच साहेब म्हणणं मला जमायचं नाही.

उंदराचा गुन्हा काय, तर त्याला मी आवडते! मी नाही देणार. पण कुत्रा बाबांचा. मी कोण देणार नाही म्हणणारी?

१५ मार्च

ठरलं. गुरगुरणारा हवाय ना? शिकवते.

बाबा फिरायला गेले की शिकवणी. जुन्या मोज्याची ओढाओढी केली की तो गुरगुरतोच. गुरगुरला की ॲप्रनच्या खिशातून बिस्किटाचा तुकडा. मग तेच खुर्चीजवळ, माझ्या हातात रिकामा कप. माझ्यावर गुरगुरायला मीच शिकवतेय! नवरोबांना कळलं तर वेड्यात काढतील.

१८ मार्च

हुशार आहे हो! कप दिसला की गुर्र. पण गुरगुरतो इतकं गोड की मला हसू येतं, मी हसले की त्याची शेपटी हलते, आणि धडा पुन्हा पहिल्यापासून.

२० मार्च

संध्याकाळी खराखुरा चहा घेऊन खुर्चीजवळ गेले. उंदरानं कप पाहिला आणि — गुर्र! अगदी चोख. मी दचकल्याचं नाटकही केलं.

आणि मग ते गाढव वळून माझ्या खिशाकडे बघत बसलं.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, खिशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चहा तसाच ठेवून आत गेले. जेवायलाही आले नाहीत. चोरी पकडली गेली, आता फोन होणार.

२१ मार्च

फोन झाला नाही. सकाळी बाबाच चहा करून माझ्यासाठी घेऊन आले. शर्टाच्या खिशातून एक बिस्किट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"मीही त्याला असंच शिकवलं होतं," म्हणाले. "तू घरात आलीस आणि आठवड्याच्या आत माझी खुर्ची खिडकीतून कोपऱ्यात नेलीस. नव्या सुनेला बोलायचं कसं? म्हणून त्याला बोलायला लावलं. पुढे पुढे तो मनानंच गुरगुरतो असं मलाच वाटायला लागलं."

अकरा वर्षं! बिचारा साहेब बिस्किटाची नोकरी करत होता, माझ्याशी त्याचं काही वाकडं नव्हतंच. हसू आलं, रडूही आलं. मग खुर्ची दोघांनी उचलून खिडकीशी नेली. बाबा बसायला वळले, तोवर वर कोणीतरी पाय ताणून झोपलेलं.

"ऊठ रे, उंदरा," बाबा म्हणाले.