खिशाचे शेवटचे चार टाके

गुरुवार, जेवणं आवरल्यावर

तीर्थरूप वन्सं,

तुमच्या दोन्ही पायांना नमस्कार, आणि ज्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याला एक जास्तीचा. आता वाकतो का तो? वाकत असेल तर उगाच पुन्हा पुन्हा वाकवून बघू नका, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. जावईबापूंचा खोकला, धाकटीचं नवं घर आणि तुमच्या शेजारणीचं कुत्रं यांचीही खुशाली विचारते. (कुत्र्याची अशासाठी, की मागच्या खेपेला त्याने माझी एक चप्पल नेली होती आणि दुसरी मी अजून टाकलेली नाही.) इकडे सगळं ठीक. एक दात काढला. बाकीचे जागेवर आहेत.

दाताचं मी सहज लिहिलेलं नाही, सगळा गोंधळ त्या दातापासूनच सुरू झाला. दाताच्या डॉक्टरकडे पाऊण तास बसवून ठेवतात. पिशवीत लायब्ररीचं पुस्तक होतं, पण त्यात एक जहाज बुडायच्या बेतात होतं आणि जबडा ठणकत असताना माझ्याच्याने ते बघवेना. म्हणून तिथलं मासिक उचललं, तीन वर्षांपूर्वीचं. (दाताच्या डॉक्टरकडे ताजं फक्त बिल असतं.) तुम्हाला माहीत आहे, छापलेलं काही दिसलं की मला सोडवत नाही, औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा मी गरोदर बायकांच्या सूचनांसकट वाचते. मासिकात एक लेख होता, आपल्या संग्रहाला व्यक्तिमत्त्व देणाऱ्या डिझायनर बॅगा कशा निवडाव्यात म्हणून. व्यक्तिमत्त्व हा शब्द मी आजवर माणसांबद्दलच वाचला होता, आणि तोही बहुतेक करून गेलेल्या माणसांबद्दल. लेख लिहिणारीचं म्हणणं असं, की बाईकडे निदान पाच बॅगा हव्यात: एक करारी, एक खोडकर, एक अबोल, एक संध्याकाळची, आणि एक अशी की जी बघून लोक विचारात पडतील. संध्याकाळने असं काय केलंय की तिला वेगळी बॅग लागावी, ते लेखात नव्हतं. माझ्याकडे एकच पिशवी आहे, कापडी, तिच्यावर रंगाच्या कंपनीचा हसरा डबा छापलेला आहे. लोक विचारात पडतात हे मात्र खरं.

पान उलटलं आणि फोटो दिसला. तपकिरी चौकोनी बॅग, झाकणाला पितळी जिभली. वन्सं, ती आमची बॅग. म्हणजे आमची नव्हे, ह्यांच्या कारखान्याची. शेवटच्या हिवाळ्यात हे तीच शिवत होते, मला समजावून सांगायला विजेच्या बिलाच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं होतं. सव्वीस वर्षं हे अस्तराच्या टेबलावर बसले. बॅगेत हात घातला की आत बोटांना जो छोटा खिसा लागतो, तेवढा ह्यांचा. बाकी बॅगेशी ह्यांचा काही संबंध नाही. कातडं कापणारे वेगळे, पट्टे लावणारे वेगळे, आणि नाव त्या मोठ्या कंपनीचं, जिने कधी सुई हातात धरली नसेल.

आता तुम्हाला थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हे डावखुरे. (लहानपणी तुम्ही त्यांच्या डाव्या हाताला फडकं बांधून उजव्याने लिहायला लावलंत. तुमचा हेतू चांगला होता हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते हो म्हणायचे आणि डाव्या हाताने चहा ढवळायचे.) उजव्या हाताचा टाका एकीकडे कलतो, डाव्या हाताचा दुसरीकडे, आणि कारखान्याच्या तपासणीसाला सगळे टाके एकाच दिशेला कललेले लागत. ह्यांनी युक्ती काढली. काम पालथं धरून मागच्या बाजूने शिवायचं, म्हणजे समोरून बघणाऱ्याला टाके बरोबर दिसतात. पण खिसा पुरता बंद होताना शेवटचे चार टाके मागून घालताच येत नाहीत, तिथे सुई समोरूनच न्यावी लागते. ते चार उलटे कलायचे. अस्तराच्या तळाशी, कोपऱ्यात, अंधारात. सव्वीस वर्षांत तपासणीसाच्या लक्षात आले नाहीत, आणि ही गोष्ट हे मला अशा चेहऱ्याने सांगायचे की जणू बँक लुटून आलेत.

हे गेले त्याला दोन वर्षं पाच महिने झाले. माझं बरं चाललंय. रात्री दाराला कडी लावताना अजून थोडी थांबते, कोणी यायचं राहिलंय का म्हणून, मग लावते. घरात त्यांचे शर्ट आहेत, छत्री आहे, दाढीचा ब्रश आहे. पण ज्या कामात माणसाने सव्वीस वर्षं घातली त्यातला एक टाका घरात नाही, कारण घरी आल्यावर सुईला हात लावायचा नाही असा त्यांचा नेम होता. त्यांची बटणंसुद्धा मीच लावली, आणि ती तिरकी लागली की हसायचं काम त्यांचं. तेव्हा मी खुर्चीत तोंड उघडून पडल्या पडल्याच ठरवलं, की दात निघाला की त्या कंपनीच्या दुकानात जायचं. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांचा एक खिसा शोधायचा, बोट लावायचं, आणि परत यायचं.

दुकानाच्या दारात रखवालदार. त्याने माझ्या पिशवीकडे बघितलं, डबा हसत होता, तो हसला नाही. आत प्रत्येक बॅगेला स्वतंत्र फळी आणि वर दिवा, आमच्या बैठकीच्या खोलीत आम्हा दोघांना मिळून एक होता. पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी पुढे आली, काय दाखवू म्हणाली. मी म्हटलं, "खिसे दाखव." तिला वाटलं नवी फॅशन असेल. मी ती पितळी जिभलीची बॅग सांगितली. त्या आता बनत नाहीत म्हणे, निरनिराळ्या रंगांच्या मिळून सात उरल्यात. मी वाचायचा चष्मा लावला, पहिली बॅग घेतली, आतला खिसा बोटाने उलटा केला आणि तळ बघितला. सरळ. दुसरी सरळ. तिसऱ्या बॅगेच्या खिशाला शेवटी दोरा लोंबत होता, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, "ही सुट्टीच्या आदल्या दिवशीची, सुटायच्या घाईत उरकलीय." मुलीचा चेहरा हातमोज्यांसारखा झाला आणि ती मॅनेजरला घेऊन आली.

मॅनेजरने हळूच विचारलं, "आपण कंपनीकडून?" मी म्हटलं, "एका अर्थी." (सव्वीस वर्षं घरातलं पीठमीठ त्यातूनच आलं, खोटं काय त्यात?) ही माझी पहिली चूक. लगेच खुर्ची आली, कॉफी आली, शर्टाच्या बटणाएवढं बिस्कीट आलं. आपल्या संग्रहात किती आहेत, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, एकही नाही. तो मान डोलवत मुलीला म्हणाला, "ऐकलंस? अजून एकही पसंतीला उतरलेली नाही." मला दुरुस्त करायचं होतं, पण तोंडात बिस्कीट होतं आणि चावायला एक दात कमी.

शेजारच्या खुर्चीवर मोत्यांची माळ घातलेल्या एक बाई हे सगळं ऐकत होत्या. त्यांच्याकडे तीस बॅगा आहेत आणि एकतिसावी हवी होती. म्हणाल्या, "माझ्यासाठीही बघा ना. माझ्या संग्रहाला व्यक्तिमत्त्वच नाही." मी ओळखलं, आमचा दाताचा डॉक्टर एकच. आता कोणी सल्ला मागितला तर मला गप्प बसवत नाही हे तुम्ही अनुभवलंय. मी म्हटलं, ही लाल नको, ही तुमच्याआधी खोलीत शिरेल. ही नको, पट्टा खांदा कापेल. ही बरी आहे, पण हिच्यात चष्मा मावणार नाही, मग जेवणाची यादी नवऱ्याकडून वाचून घ्यावी लागेल. बाई शाळेतल्या मुलीसारख्या ऐकत होत्या. "एकदा माझ्या सुनेला भेटाल का?" म्हणाल्या. मी बोलत होते आणि एकीकडे खिसे उलटत होते. चौथी सरळ. पाचवी सरळ.

सहावी तपकिरी होती. खिसा उलटा केला. मी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. चार टाके होते, एकमेकांना चिकटून, बाकी सगळ्यांकडे पाठ करून.

मी त्यांच्यावर बोट ठेवून बसले, जरा जास्तच वेळ. मोतीवाल्या बाईंनी विचारलं, "ही चांगली?" वन्सं, त्या घटकेला माझी काय पंचाईत झाली असेल बघा. चांगली म्हटलं तर ती एकतिसावी म्हणून त्यांच्या कपाटात जाणार आणि मला कायमची अंतरणार. वाईट म्हटलं तर फळीवर राहणार, मी दर गुरुवारी येऊन बोट लावून जाणार. एवढं एक खोटं बोलायचं होतं. पण ह्यांच्या कामाला वाईट म्हणायला जीभच वळेना. मी म्हटलं, "हीच घ्या. हिच्या खिशाचे शेवटचे चार टाके बघा, असे दुसरीकडे मिळायचे नाहीत." ही दुसरी चूक, आणि ती निव्वळ मिरवायच्या हौसेने झाली. मॅनेजरने भिंग लावलं, वाकला, आणि उभा राहिला तो दुःखी चेहऱ्याने. दोष, म्हणाला. दोष असलेली वस्तू दुकानाबाहेर जात नाही असा कंपनीचा नियम आहे, मागच्या खोलीत शिलाईवाली खिसा उसवून नवा लावेल. वर मला हात जोडून म्हणाला, "नजर असावी तर अशी." सव्वीस वर्षं तपासणीसाला जे सापडलं नाही ते मी दहा मिनिटांत शोधून दिलं. जिवंतपणी जे पकडले गेले नाहीत, त्यांना मी पकडून दिलं, आणि वर कॉफी प्यायले.

तेव्हा मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "उसवू नका. तो दोष नाही, ते माझे मिस्टर आहेत." रखवालदाराने आत डोकावलं. मग मी एका दमात सगळं सांगितलं, कारखाना, डावा हात, पालथं काम, सगळं. (तुमचं फडकं वगळलं.)

मॅनेजर म्हणाला, "म्हणजे तुम्ही कंपनीकडून नाही."

"नाही."

"आणि काही घेणारही नाही."

"नाही."

"कॉफी कशी होती?"

"कडू होती," मी म्हटलं. आता खरं बोलायला सुरुवात केलीच होती.

मला वाटलं एवढ्यावर भागेल, तर मोतीवाल्या बाई पेटल्या. आता त्यांना तो खिसा तसाच हवा होता, जसाच्या तसा. "हेच तर व्यक्तिमत्त्व," असं म्हणून त्यांनी बॅग छातीशी धरली. म्हणजे बोलून बोलून मी माझ्याच नवऱ्याचा भाव वाढवून बसले. मॅनेजर म्हणे नियम, बाई म्हणे व्यक्तिमत्त्व. आणि वन्सं, जन्मात पहिल्यांदा मी नियमाची बाजू घेतली. म्हटलं, "बाई, नियम तो नियम. उद्या तुमचं बघून सगळेच उलटे टाके मागतील." मॅनेजरला बळ आलं. उसवायचं ठरलं. मग मी अगदी साधेपणाने विचारलं, उसवलेल्या खिशाचं काय करता? कचरा, म्हणाला. कचऱ्याबद्दल नियम काय? त्याने मुलीकडे बघितलं, मुलीने त्याच्याकडे. कचऱ्याबद्दल नियम नव्हता.

मागच्या खोलीत मी शिलाईवालीच्या शेजारी स्टुलावर बसले आणि तिला म्हटलं, बाई गं, दुसऱ्या टोकाकडून सुरू कर आणि ते चार राहू दे. तिने का म्हणून विचारलं नाही. चार टाक्यांजवळ आली तेव्हा उसवायचं थांबवून तिने अस्तराचाच कोपरा कापून दिला. त्या दुकानातून खोक्याशिवाय काही बाहेर जात नाही, म्हणून तळहाताएवढा खिसा पातळ कागदात, खोक्यात आणि वर रिबीन बांधून मला मिळाला. रखवालदाराने दार उघडून धरलं. मोतीवाल्या बाईंना नव्या खिशाची बॅग मिळाली, जाताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी याल तेव्हा कळवा, बत्तिसावी घ्यायची आहे."

बसमध्ये खोकं मांडीवर धरून बसले तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. घरी आल्यावर खिसा माझ्या कापडी पिशवीत आतून लावला. त्यात चष्मा मावत नाही, किल्ल्या मावत नाहीत, दोन गोळ्या तेवढ्या कशाबशा मावतात. इतक्या वर्षांत ह्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं, की त्यांच्या खिशात काही मावत नाही. पण त्या रात्री मी दाराला कडी लावली आणि थेट झोपले. हे तुम्हाला कळवावंसं वाटलं.

गुडघा जपा.

तुमची,
भावजय

ता.क. मी बॅगांच्या नादी लागले असं धाकटीला सांगू नका. ती एखादी पाठवून देईल.

दुसरा ता.क. पत्र बंद करून ठेवलं होतं, पण काल कारखान्यात ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणारे भावजी आले. मी मोठ्या तोऱ्याने खिसा दाखवला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "वा वहिनी, हा तर माझा हात. कुठे मिळाला?" तेही डावखुरेच निघाले. पालथं धरायची युक्ती ह्यांनीच त्यांना शिकवली म्हणे, ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती. भावजींचं म्हणणं, तुमच्या भावाचे टाके आवळलेले असत, त्यांचे सैल, आणि हे सैल आहेत. मला तर चांगले आवळलेले दिसतात. ते पिशवी बगलेत मारून निघाले होते, मी चहा पुढे करून सोडवून घेतली.

तिसरा ता.क. भावजी तसं म्हणाले म्हणून विचारते. घरी सुईला न शिवणाऱ्या तुमच्या भावाने तुमच्या साठीला तुम्हाला चष्म्याचं घर शिवून दिलं होतं. (अकरा वर्षं मी त्याबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, आताही काढत नाही.) त्याच्या आतल्या कोपऱ्यात शेवटचे चार टाके असतील. खिशाच्या टाक्यांवर कागद ठेवून, पेन्सिल घासून काढलेला ठसा सोबत पाठवते आहे. तो शेजारी धरून भिंगाने बघा. जुळत असेल तर दोन ओळी लिहून कळवा. जुळत नसेल तर काही कळवू नका. तुम्ही माझ्या कुठल्याच पत्राला उत्तर देत नाही, तेव्हा नाही आलं तर मी ते नेहमीचंच समजेन.