तुझ्या पत्रकावर माझं पत्रक

प्रिय दादा,

खळीत बुडवलेला ब्रश हातात तसाच राहिला. धामणकर नाक्याच्या भिंतीवर तुझं पत्रक अजून आहे. त्याच्यावरच मला माझं चिकटवायचं होतं. तुझं नाव झाकताना हात थांबला. मग कागद थोडा वर सरकवला. खालची तुझ्या नावाची ओळ उघडी ठेवली.

घरी येऊन लगेच लिहायला बसले. तुला न विचारता तुझ्यावर कागद डकवला, निदान कारण तरी सांगावं.

सातवीनंतर मुलींना शाळेतून काढू नका, असं तुझं पत्रक. काय भाषा होती! चहावाल्याने ट्रान्झिस्टर बंद करून ते मोठ्याने वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आठवीच्या वर्गात आपल्या आळीतली एकही मुलगी आली नाही.

"मास्तर बोलतो ग्वाड," सुमनची आई, आपली वैजूमावशी, तुझ्यासमोरच म्हणाली होती. "पन लूमची शिफ्ट सुटायला आन् शाला भरायला येकच गाठ. नाका बाप्यांनी भरलेला. पोरीला न्हेनार कोन? तुजा इतिहास?"

तू हसलास. का हसलास रे?

वर्गात तर तूच शिकवायचास. राणीचा जाहीरनामा वाचताना आवाज मऊ करायचास. "ऐका, किती माया! कुणाच्या धर्मात हात घालणार नाही, सगळ्यांना सारखं वागवू. आता सांगा, वचन मोडलं तर राणीचं काय जाईल?" "काहीच नाही," तूच सांगायचास. मग अमेरिकेतल्या वसाहतींचा जाहीरनामा. आधी तत्त्व. मग राजाच्या अपराधांची यादी, एकाच चालीत, घणाचे घाव पडावेत तशी. "इथवर कुणीही लिहील," तू म्हणायचास. "शेवट बघा. सही करणाऱ्यांनी आपला जीव, मालमत्ता, अब्रू तारण ठेवली आहे. म्हणून ऐकणारा थांबतो."

त्या दिवशी जेवताना मी विचारलं, त्या सह्यांत एकही बाई का नाही? गुलाम का नाही? तू घास ताटात ठेवलास. मग म्हणालास, "मन वळवणाऱ्या कागदात कोण नाही, ते आधी शोधावं."

स्वतःच्या पत्रकात का नाही शोधलंस? त्यात तत्त्व होतं, यादी होती. वैजूमावशी नव्हती. नाका नव्हता. खाली तुझी नुसती सही होती, दादा. तुला तो नाका कधी रुंद वाटलाच नाही.

आता तू उत्तर देऊ शकत नाहीस. म्हणून हे बोलणं सोपं आहे, हेही मला कळतं.

माझं पत्रक लहान आहे, एवढंच: मी मास्तरांची बहीण. रोज सकाळी तुमच्या दाराशी येईन आणि मुलीला वर्गात पोचवीन. शाळा सुटल्यावर त्याच दारात आणून सोडीन. एक दिवस चुकले तर मुलीला घरी ठेवा.

येताना दिलेली प्रत मागच्या लूमवाल्यांच्या जुलेखाआपांनी दारातच वाचली.

"रोज? बारिश में भी?"

"पावसातही."

"आणि तुझी शादी झाली तर?"

"नवऱ्यालाही रांगेत घेईन, आपा."

त्या खूप हसल्या. लेकीला, परवीनला पाठवते, असं मात्र म्हणाल्या नाहीत.

ठाण्याच्या कॉलेजातली जागा मी नाकारली. तिथले तास सकाळचे होते. तू असतास तर दोन दिवस माझ्याशी बोलला नसतास. साहित्य शिकवायची मला किती हौस होती, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? पण त्या पत्रकाखाली ठेवायला माझ्यापाशी दुसरं काय होतं?

एवढं कबूल करते. पावसाने कागद धुऊन जाईल, पण त्यातलं एकही वाक्य मी मागे घेणार नाही. एकही मुलगी निघाली नाही, तरी प्रत्येक दाराशी जाऊन उभी राहीन. दुसऱ्या दिवशीही.

तुझी,
शकू

ता. क. सकाळी गेले. जुलेखाआपांचं दार उघडलं नाही. वैजूमावशीच्या दारात सुमन वेणी घालून तयार होती. तिच्या मागोमाग मावशीनेही चपला घातल्या. "बगते तरी, कशी न्हेतंस ती," म्हणाली. नाका आम्ही तिघींनी ओलांडला.