मागचा दोर

२६ नोव्हेंबर १९७४, सोलापूर

आज रुजू झालो. मानसिंगरावांचा ताडपत्रीचा कारखाना होटगी रस्त्याला आहे. त्यांनी माझ्या पदवीबद्दल अक्षरही विचारलं नाही. कॉलेजात एनसीसीच्या नौदल तुकडीतून खडकवासल्याला शिडाची होडी चालवली, एवढं ऐकूनच खूश झाले. मुंबई ते कोचीन शर्यतीसाठी त्यांना तिसरा गडी हवा होता! दुसरा कल्लप्पा, शिवणखात्यातला मिस्त्री, मूळचा दुधनीचा. तीन वर्षं मालकाबरोबर समुद्रावर जातोय; होडीची शिडंसुद्धा त्यानंच शिवलीत. संध्याकाळी मला घरी जेवायला नेलं. त्याची बायको नागम्मा कन्नडमधून त्याच्यावर रागावत होती आणि मला आग्रहानं शेंगांची चटणी वाढत होती. दिवस छान गेला.

३ डिसेंबर, मुंबई

होडी पाहिली. तीस फुटी, फायबरची. परदेशातल्या कारखान्यात एकाच साच्यातून अशा शेकड्यांनी निघतात म्हणे. आत तीन बाकं, स्टोव्ह, चकचकीत फळ्या. दिसायला देखणी, पण बोटानं ठोकलं की रिकाम्या डब्यासारखी वाजते. कल्लप्पा म्हणाला, "चांगल्या हवेत लई गुणी हाय. वाऱ्यात मातर सांभाळून घ्यावं लागतंय."

६ डिसेंबर, समुद्रावर

काल निघालो. सहा होड्यांत आम्ही दुसरे. वारा मागून, पाणी निळंशार. सुकाणू दोन तास माझ्याकडे होतं. हात दुखतात, पण सुखानं.

८ डिसेंबर, सकाळ

बॅरोमीटर पहाटेपासून उतरतोय. मोठं शीड दोनदा आवळून लहान केलं, नंतर पूर्ण उतरवलं. आता पुढचं रुमालाएवढं शीड तेवढं आहे, तरी होडी लाटांच्या उतारावरून सुसाट घसरते. अशानं नाक पाण्यात घुसून उलटेल, म्हणून कल्लप्पानं दोनशे फूट जाड दोर मागे सोडला. पाण्यात ओढला गेला की तो वेग धरून ठेवतो. मी बंदर गाठायचं सुचवलं. मानसिंगराव म्हणाले, आपण दुसरे आहोत.

८ डिसेंबर, दुपारी चार

कल्लप्पा गेला.

मला होडीला बांधून ठेवणाऱ्या कमरेच्या पट्ट्याचं बक्कल तुटलं. त्यानं स्वतःचा पट्टा काढून मला बांधला. "मला सवय हाय की." पाच मिनिटांत एक लाट मागून आत आली. पाणी ओसरलं तेव्हा मी पट्ट्याला लटकत होतो आणि तो नव्हता.

मग मागच्या दोराला हिसके आले. तीन. थोडं थांबून पुन्हा तीन. त्यानं दोर धरला होता! मी ओढू लागलो. एकट्यानं हातभरही येईना. सुकाणू सोडलं तर होडी लाटेला आडवी होऊन उलटेल, मानसिंगराव ओरडले. हिसके लाटांचेच आहेत, म्हणाले.

मी वाद घातला नाही. खरं लिहितो. ते नाही म्हणाले याचं मला बरं वाटलं.

९ डिसेंबर, सकाळ

हिसके चालूच आहेत. तीन. थांबून तीन. सोळा तास झाले. या पाण्यात सोळा तास कोणी जगत नाही. आम्ही एकमेकांकडे बघत नाही.

९ डिसेंबर, दुपार

वारा थोडा पडला. दोघांनी मिळून दोर ओढून घेतला. सहज आला. टोकाला फास होता, छातीभोवती घ्यावा तसा, दुहेरी पिळाचा. कारखान्यात गठ्ठे बांधताना कल्लप्पा मारायचा तीच गाठ. म्हणजे तो होता. आम्ही ओढायची वाट पाहत होता.

फास ओला, रिकामा. मानसिंगरावांनी सगळा दोर समुद्रात टाकला. नागम्माला यातलं काही सांगायचं नाही, म्हणाले. मी बरं म्हटलं.

१० डिसेंबर, सकाळ

आभाळ स्वच्छ. सगळी शिडं वर, वाऱ्यानं गच्च फुगलेली. होडी हलत नाही. वेगाचा काटा शून्यावर — पाणी दोन्ही बाजूंनी मागे जायला हवं — जात नाही.

मागे आता काही बांधलेलं नाही. मी तीनदा पाहिलं.

दुपार

हिसके. फळ्यांतून पायाला कळतात. तीन. स्टोव्हवरचं भांडं पडलं. तीन —

मानसिंगराव मागच्या कडेला पालथे पडून खाली बघताहेत. दोर आहे म्हणतात. आपला नाही. मी म्हटलं, हात लावू नका. ते रडताहेत. त्याला वर घेतो, म्हणतात, परवाच घ्यायला हवं होतं —

मी आत आलो. लिहितोय.

ओढताहेत. धापा इथवर ऐकू येतात.

थांबल्या.

मानसिंगरावांनी हाक मारली. "मुकुंद, ये, हात लाव!" आवाज कडेवरून नाही. खालून. पाण्याच्या —

आणि दुसरा आवाज, दमलेला —

"या की, मुकुंदराव. आमा दोगांच्यानं न्हाय —"

होडी मागे कलतेय. पाणी पायऱ्यांवरून —