विमानासाठी वावर

ब्राह्मणपुरी,
भाद्रपद वद्य ४, शके १८६०

चि. पितांबर यास जसोदाचे आशीर्वाद.

मळ्याकडच्या तुकड्यातली कपाशी उपटून झाली. आता नथ्थूकाका वखर फिरवतो आहे. आबा पुढे चालतात आणि ढेकूळ दिसलं की हातानं फोडतात. इथे चार दिवस पाऊस नाही, पण वरच्या मुलखात पडतो आहे. तापी उतरत नाही.

मायचं कण्हणं थांबलं आहे. तू उपाशी राहू नकोस.

तुझी तार मिळाली. मायसाठी निघून तू नंदुरबारला येऊन अडकलास, प्रकाशा गावची तापीवरची नाव बंद आहे, हे मी आबांना दोनदा वाचून दाखवलं. ते म्हणाले, "नाव बंद शे ते काय व्हयनं? तो इमानवर नोकरीले शे."

मी म्हटलं, आबा, तो जुहूच्या विमानतळावर टपालाच्या थैल्या तोलतो. विमान त्याचं नाही.

नथ्थूकाका म्हणाला, "तुले काय म्हाईत? तू बैलगाडीमा बठनारी."

दिवाळीत ओट्यावर बसून तूच सांगितलंस. जुहूहून भावनगरला जायला आगगाडी आखाताला वळसा घालते. विमान समुद्रावरून सरळ जातं, सव्वा तासात. आबांनी शाळेच्या नकाशावर दोरा धरला. जुहूपासून आपल्यापर्यंतचा दोरा भावनगरच्या दोऱ्याहून थोडाच लांब भरला. "म्हणजे दीड तास," तू म्हणालास. मायनं मळ्याकडे बोट करून विचारलं, "आठे उतरी का?" तू म्हणालास, "वावर सपाट करी ठेवा, उतरस."

आपण सगळे हसलो. माय हसली नव्हती.

काल तापात ती एवढंच बोलत होती. वावर सपाट करा. आबा ऐकत बसले, मग उठून बैल जुंपले. कपाशीला पात्या लागल्या होत्या, कळ्या फुलायच्याच बाकी होत्या.

आज भाकरी शांतीकाकूकडून आल्या. आपली चूल पेटवली नाही. माय दुपारी गेली, पितांबर. हे मला सगळ्यात आधी लिहायचं होतं.

तुझं नाव घेऊन तिच्या तोंडात पाणी मी घातलं. तू येईपर्यंत आबा तिला उचलू देत नाहीत. "पोऱ्या ई, तोच आगीन दी," म्हणतात. घार दिसली तरी थांबून वर बघतात. त्यांना काय सांगू ते मला कळत नाही. माणसं दारात उभी आहेत.

हे पत्र पहिल्या नावेनं निघेल. कदाचित मधल्या पाण्यात तू आणि हे पत्र एकमेकांना ओलांडाल.

अलीकडच्या काठावरून,
तुझी बहीण जसोदा

सकाळी : नाव सुटली नाही. नथ्थूकाकानं अग्नी दिला, त्या सपाट वावरातच. धूर सरळ वर गेला. आबा बघत राहिले. मग त्यांनी बैल सोडायला सांगितले.