दार उघडं ठेवून शिवताना

अहो,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे, हे आधी वाचा आणि मग पुढचं.

दुसऱ्या कुणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगते. समोरच्या बाईने (मी तिचं नाव आकाशवाणी ठेवलंय) अख्ख्या इमारतीत उठवलंय, की माझ्याकडे परके पुरुष येतात. येतात की! पँट आखूड करून घ्यायला येतात. शिवणकाम करणारीकडे काय पऱ्या येणार?

काल घरमालक दारात येऊन म्हणाला, "लोक बोलतात." माझा नुसता जळफळाट झाला. इथल्या भाषेत मला "किती आखूड करू?" एवढंच धड विचारता येतं, भांडू कशी? शेवटी मशीनलाच मराठीत चार शिव्या हासडल्या.

आणि त्या पुरुषांत आकाशवाणीचा नवराही आहे! पोट सुटलं म्हणून पँट कमरेत सैल करून घेऊन गेला, वर बायकोला सांगू नका म्हणाला. मी शब्द देऊन बसले. आता त्याचं नाव घेतलं तर मी चहाडखोर, नाही घेतलं तर चवचाल.

छोटीचा दात पडला का? आईंचा गुडघा कसा आहे? त्यांना यातलं काही सांगू नका.

थंडी सोसते का, विचारलंत. स्वेटर आहे. पण हल्ली गिऱ्हाईक आलं की मी दार सताड उघडं ठेवते, जिन्यातल्या सगळ्यांना दिसावं म्हणून. वारा थेट आत येतो, बोटं आखडतात, सुई धरवत नाही.

"दार लावून घे" एवढं तुम्ही लिहून पाठवा. मग कोण काय बोलतं ते मी बघते.

वाट पाहणारी,
तुमचीच